वाडगे, दो. (२०२१ढ)

विद्वानांच्या जगात माणूस मोठा झाला की नाही, हे त्याच्या पगारावरून किंवा गाडीवरून कळत नाही. ते कंसावरून कळतं. कुणी लेख लिहिताना तुमचं म्हणणं उचललं, तर त्या वाक्याच्या शेवटी कंस काढून त्यात तुमचं आडनाव आणि साल घालायचं, अशी आमच्यात रीत आहे. आमच्या खाद्यसंस्कृती विभागातल्या कू बोनछलचं नाव इतक्या लोकांच्या कंसांत आहे की, कॉरिडॉरमधून तो नुसता चालत आला तर मला उघडाबोडका वाटतो. कू मला तीन वर्षांनी ज्युनिअर. पूर्ण प्राध्यापक मात्र माझ्या आधी झाला. मी अजून सहयोगी.

माझंही नाव कंसांत आलेलं आहे. नाही असं नाही. त्यातल्या बऱ्याच वेळा ते मीच घातलं होतं, एवढंच.

हे मी मत्सरापोटी सांगत नाही. मत्सर हा हलक्या माणसांचा विकार आहे. मला उलट कूची काळजी वाटते. इतक्या लवकर इतकं यश मिळालं की पुढे माणसाचं काही तरी वाईट होतं असं म्हणतात. दर वर्षी मी काळजीनं वाट बघतो. अजून काही झालेलं नाही.

तर त्या वर्षी मला बढतीसाठी एक भारदस्त लेख हवा होता. कोरियातलं आमचं डेजॉन हे कालगुक्सूचं गाव. सुरीनं कापलेल्या जाड शेवया, तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा रस्सा, वर मूठभर हिरवं, आणि बाजूला डोळ्यांतून पाणी काढणारी, मुरवलेल्या कोबीची किमची. गल्लोगल्ली दुकानं, आणि प्रत्येक दुकानाबद्दल नकाशाच्या साइटवर एकच तक्रार: पूर्वीची चव राहिली नाही. दुकान गेल्या महिन्यात उघडलं असलं तरी हीच तक्रार. मी ठरवलं, हाच विषय. ‘कालगुक्सूच्या ग्राहकांची ऑनलाइन हळहळ’. कूला हे सुचलं नव्हतं याचा मला झालेला आनंद शास्त्रीय स्वरूपाचा होता.

शहरातल्या दुकानादुकानांत जाऊन जेवलो, आणि हजारो अभिप्राय वाचून जिवंतपणी मेलो. "छान", "ओके", "आईला आवडलं", "पुन्हा येणार नाही, कारण मी बुसानला राहतो". आणि मग मला ‘दोन वाडगे’ सापडला.

हे त्याचं साइटवरचं टोपणनाव. त्याचे अभिप्राय असे: "रस्सा चांगला. पण मालकीणबाईंच्या मुलीचं लग्न मोडलेलं दिसतं, किमचीत मिरची रागानं पडली आहे." किंवा: "गाडी लावायला जागा आहे, पण ती समोरच्या दातांच्या डॉक्टरांची आहे आणि ते खिडकीतून बघतात." आणि जवळजवळ प्रत्येक अभिप्रायात एक वाक्य ठरलेलं: "पहिला वाडगा संपेपर्यंत दुसरा निवला."

या वाक्यावर मी आठवडाभर विचार केला. मनुष्य दोन वाडगे मागवतो. पहिला गरम गरम संपवतो. दुसरा मुद्दाम निवू देतो. का? आणि एका सकाळी दात घासताना मला उत्तर सापडलं. पहिला वाडगा पोटासाठी, दुसरा स्मृतीसाठी! पूर्वीची चव शोधायला तो दुसरा वाडगा मागवतो, आणि चव सापडत नाही म्हणून तो निवतो. मी तोंडात फेस घेऊन बायकोकडे धावलो. "मिरान, मला सिद्धांत सापडला!"

"आधी चूळ भरा," मिरान म्हणाली.

‘दुसऱ्या वाडग्याचा सिद्धांत’ असं मी त्याचं नाव ठेवलं आणि लेख भराभर लिहून काढला. प्रत्येक परिच्छेदात दोन वाडगे आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी कंस. संदर्भसूचीत लेखकाचं आडनाव आधी आणि नाव संक्षेपात द्यायचं असतं, म्हणून मी काळजीपूर्वक लिहिलं: ‘वाडगे, दो. (२०२१)’.

ग्रंथालयातल्या नो बाई सगळ्यांच्या संदर्भसूच्या तपासून देतात. त्यांनी चष्मा वर केला.

"सर, हे वाडगे कोण?"

"लेखक आहेत."

"परदेशी आहेत का?"

"नाही हो. टोपणनाव आहे. दोन वाडगे."

नो बाई बराच वेळ गंभीर राहिल्या. गंभीर राहायला त्यांना कष्ट पडत होते हे मला दिसत होतं. "सर, टोपणनाव असेल तर ते जसंच्या तसं द्यायचं. त्याचं नाव-आडनाव करायचं नाही. वाडगा फोडायचा नाही, सर." मग शेजारच्या टेबलावरच्या बाईला काही तरी सांगायला त्या आत गेल्या आणि आतून खोकल्यासारखा आवाज आला.

पुढची भानगड सालाची. एकाच लेखकाचं एकाच सालातलं बरंच लेखन असेल, तर सालापुढे अक्षर लावायचं: २०२१क, २०२१ख. सामान्य विद्वान ग-घ पर्यंत जाऊन थकतो. कू एकदा एका वर्षात च पर्यंत गेला होता आणि त्याबद्दल त्यानं सगळ्या विभागाला जेवण दिलं होतं. हा दोन वाडगे २०२१ या एका वर्षात सरळ ढ पर्यंत गेला होता. ना डिग्री, ना खोली, ना दारावर पाटी, आणि माझ्याच लेखात, माझ्याच हातानं, त्याचं नाव पानापानावर कंसांत झळकत होतं. माझं स्वतःचं नाव होतं फक्त शीर्षकाखाली. बारीक अक्षरांत. मला सांगा, कुणालाही जरा लागेल की नाही?

त्यात मिरानला मी शुद्धलेखन तपासायला लेख दिला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा एकही लेख तिनं दुसऱ्या पानापुढे वाचलेला नाही. हाही वाचला नाही. तिनं फक्त त्यातले उतारे वाचले, मग साइटवर जाऊन दोन वाडगेचं सगळं वाचलं. स्वयंपाकघरातून हसण्याचे आवाज येऊ लागले. मी आत गेलो की ती म्हणायची, "काही नाही हो, दातांचे डॉक्टर."

मग जेवताना सुरू झालं. "दोन वाडगे म्हणतात, मुळा जरा जास्त दिवस मुरवावा." "दोन वाडगे म्हणतात, रस्सा उकळताना झाकण ठेवू नये."

"‘म्हणतात’ काय?" मी चमचा खाली ठेवला. "म्हणतो म्हण. एक शेवयाखाऊ मनुष्य आहे तो."

"किती समजून लिहितात पण. बाईमाणसाच्या मनातलं कसं कळतं त्यांना, देव जाणे."

मला त्या रात्री मुळा गेला नाही.

बुधवारी आमच्या कॉलनीत भंगार वेगळं करायचा दिवस असतो. काच इकडे, कागद तिकडे, प्लॅस्टिक पलीकडे, आणि मधे उभं राहून सगळ्यांची आयुष्यं वेगळी करणारी दाउनची आई. ती कॉलनीच्या महिला मंडळाची अध्यक्ष. मी लेखाचे जुने खर्डे कागदात टाकले, तसे तिनं ते उचलून वाचले. टाकलेला कागद सार्वजनिक असतो असं तिचं मत आहे.

"सर, ह्या माणसाची परवानगी घेतलीत का?"

"परवानगी कशाला? अभिप्राय जाहीर आहेत. नाव देऊन उतारा दिला की झालं."

"असं म्हणून चालतं होय! माझ्या भाच्यानं एका सुपाच्या दुकानाचं कौतुक लिहिलं. कौतुक हं! तरी वकिलाचं पत्र आलं."

"कौतुकाला?"

"शेजारच्या दुकानाच्या वकिलाचं," दाउनची आई म्हणाली. वॉचमन काकांनी बाटल्यांच्या पिशवीवर हात ठेवून दुजोरा दिला की हल्ली काळ वाईट आहे.

नो बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की परवानगी लागत नाही. पण नो बाईंकडे नियम होता आणि दाउनच्या आईकडे भाचा होता. नियम आणि भाचा समोरासमोर आले की नेहमी भाचा जिंकतो. मी साइटवरून दोन वाडगेला संदेश पाठवला: मी अमुक अमुक विद्यापीठातला संशोधक, आपले अभिप्राय विद्वत्तापूर्ण लेखात उद्धृत करत आहे, हरकत नसावी.

उत्तर लगेच आलं. "आदरणीय प्राध्यापक महोदय, आम्हाला अतिशय आनंद झाला. आमचं लेखन विद्यापीठात वाचलं जाईल असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं."

आम्हाला! मनुष्य शेवयांवर चार ओळी लिहितो आणि स्वतःला राजघराण्यातला समजतो. पण हे सोसता आलं असतं. सोसवेना ते पुढचं. विद्वान वाचणार म्हटल्यावर दोन वाडगे आपले जुने अभिप्राय सुधारायला बसला. "रस्सा चांगला" चं झालं "रश्शाची घनता समाधानकारक असल्याचे निदर्शनास आले." मालकीणबाईंची मुलगी गेली, तिच्या जागी "काही कौटुंबिक घटक" आले. आणि त्या साइटवर अभिप्राय सुधारला की तारीख बदलते. २०२१च उठून २०२४ मध्ये गेला. मग छ चा च करा, ज चा छ करा, संपूर्ण लेखभर. मी सकाळी अक्षरं सरकवायचो, दुपारी तो आणखी एक सुधारायचा. संपादकांचं पत्र आलं: "आपल्या संदर्भांतील अक्षरे आणि संकेतस्थळावरील तारखा जुळत नाहीत. कृपया लेखकाशी संपर्क साधून स्थैर्य आणावे."

मी संदेश पाठवला: कृपया सुधारू नका. उत्तर आलं: "आपल्या विनयाने आम्ही भारावलो. अजून चांगलं लिहू."

याच गडबडीत छनान शहरातल्या एका परिषदेत मी माझा सिद्धांत वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत कू होता. दुसऱ्या दिवशी तो पर्सिमनची पेटी घेऊन माझ्या खोलीत आला. त्याचे केस अजून सगळे काळे आहेत आणि खरे आहेत, मी जवळून पाहिलं आहे.

"प्यो सर, काय विचार आहे हो! दुसरा वाडगा! मी एका मोठ्या लेखात घेतोय हा. तुमचं नाव देऊन, अर्थात."

कूच्या कंसात मी! मी इतका हुरळलो की पेटीतली फळं वाटून टाकली. पण कूचा लेख माझ्या आधी छापून आला. माझं नाव एकदाच, पाचव्या पानावर, ‘(प्यो, छपाईच्या मार्गावर)’. साल नाही. म्हणजे बिनसालाचा माणूस. माझा लेख मात्र तिकडे अक्षरं सरकवण्यात अडकलेला.

शेवटी मी दोन वाडगेला प्रत्यक्ष भेटायचं ठरवलं. स्टेशनामागच्या त्याच्या आवडत्या दुकानात, शनिवारी दुपारी. मिरान म्हणाली, "मीही येणार." तिनं मोत्याची कर्णफुलं घातली. माझ्या विभागाच्या वार्षिक जेवणाला ती कर्णफुलं ‘जड होतात’ म्हणून घरी राहतात.

"लिपस्टिक कशाला?" मी विचारलं.

"ओठ फुटलेत," ती आरशात बघत म्हणाली.

टॅक्सीत मी मनाशी त्या माणसाला रंगवत होतो. जाडजूड असणार. दोन वाडगे खाणारा, ढेकर देणारा. मिरान बघेल आणि तिचं तिलाच कळेल. दुकानात शिरलो तर कोपऱ्यातून एक किडकिडीत गृहस्थ उठून कमरेत वाकले. शेजारी ठेंगणीशी बाई उठल्या, त्याही वाकल्या.

"मी छन. ही माझी मिसेस, युक. युसोंगला आमचं चष्म्याचं दुकान आहे. बसा, बसा."

"आणि दोन वाडगे?" मी दाराकडे बघत विचारलं.

"आम्हीच की," युक बाई म्हणाल्या. "एक ह्यांचा वाडगा, एक माझा."

मी बसलो. खुर्ची होती हे नशीब.

"म्हणजे," मी चाचरत विचारलं, "तुम्ही एकट्यानं दोन खात नाही?"

"अग बाई! माणूस आहे की बैल?"

"पण मग पहिला संपेपर्यंत दुसरा निवतो, ते..."

"हे भराभर गिळतात," युक बाईंनी नवऱ्याकडे हनुवटी केली. "मी लिहून घेत असते. मालकीणबाईंशी बोलते. तोवर माझा निवतो. लग्नापासून निवतोय. किती वेळा सांगितलं, थांबा जरा माझ्यासाठी."

"मी थांबलो तर माझाही निवेल," छन म्हणाले. "दोघांनी गार खाण्यात काय अर्थ?"

मिरान टाळी देऊन हसली. युक बाईंना! ओळख होऊन पाच मिनिटं झाली नव्हती. माझा सिद्धांत त्या टेबलावर, किमचीच्या बशीशेजारी, मरून पडला होता आणि माझी बायको हसत होती.

"मग स्मृती?" मी क्षीण आवाजात म्हणालो. "पूर्वीच्या चवीची ओढ?"

"चवीचं मी लिहिते. हे फक्त पार्किंग लिहितात."

"फक्त पार्किंग?" छन यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. "दातांच्या डॉक्टरांचं वाक्य कुणाचं? सर, तुम्हीच सांगा, लेखात घेतलंत ना ते?"

"घेतलं आहे," मला कबूल करावं लागलं. "२०२१ज. म्हणजे काल रात्रीपर्यंत ज होतं."

"बघ! पहिलं नाव माझं पाहिजे."

"तुमचं? रस्सा, शेवया, किमची माझी, आणि एका डॉक्टरावर नाव पहिलं?"

दोन लेखकांत आधी नाव कुणाचं, यावरून आमच्या क्षेत्रात आयुष्यभराची मैत्री मोडल्याची उदाहरणं आहेत. पण वाद घालता घालता युक बाई आपल्या वाडग्यातल्या तिसऱ्या काढून नवऱ्याच्या वाडग्यात टाकत होत्या आणि नवरा न बघता खात होता, असं मी कुठल्याच विद्यापीठात पाहिलेलं नाही. मी शेजारी पाहिलं. मिरानही तेच बघत होती. तिचं हसू आता निराळं होतं.

"सर संशोधनासाठी शहरातल्या सगळ्या दुकानांत जेवून आलेत," ती युक बाईंना म्हणाली. "एकटेच. मी घरी मुळा मुरवत होते."

मत्सर म्हणजे काय याचा माझा अभ्यास बरा होता, पण तो फक्त एका बाजूनं केलेला होता, हे मला त्या वाक्यापाशी कळलं. इतके महिने मी एका टोपणनावावर जळत होतो, आणि माझी बायको एका शेवयांच्या वाडग्यावर. मी म्हणालो, "तुझ्यासाठी काय मागवू?" ती म्हणाली, "आता विचारताय?" तरी तिनं मागवलं, आणि मी माझा वाडगा मुद्दाम सावकाश खाल्ला. गार कालगुक्सू अगदी वाईट लागतं. पुढच्या कोणत्याही लेखात मी हे छातीवर हात ठेवून लिहीन.

अभिप्राय सुधारणं थांबवायचं त्यांनी आनंदानं मान्य केलं, एका अटीवर: टोपणनावापुढे चौकटी कंसात दोघांची खरी नावं, युक आधी. छन यांनी पार्किंगसाठी तळटीप मागून घेतली.

परतताना टॅक्सीत मिरान म्हणाली, "आता सिद्धांताचं काय?"

"कुणाला काय कळणार आहे?"

"मला कळलंय."

मी खिडकीबाहेर पाहत बसलो. सिद्धांत काढला तर लेख अर्धा होणार, बढती जाणार. ठेवला तर दोन माणसांना मी एक बैल करून ठेवणार, तेही चौकटी कंसात त्यांची नावं घालून. विवेकबुद्धी कुजबुजत होती, पण कुजबुजतच होती. मग एकदम माझ्या डोक्यात वीज चमकली: कूचा सगळा मोठा लेख माझ्या ह्या सिद्धांतावर उभा आहे! मी तो काढून घेतला तर कू कोसळणार. त्या क्षणी मला सत्याविषयी जे प्रेम वाटू लागलं, त्याला तोड नाही. घरी पोचताच मी संपादकांना लिहिलं की सिद्धांत मागे घेतो, वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे आहे.

"शाबास," मिरान म्हणाली. तिला मी सगळं कारण सांगितलं नाही. तिला ते कळलं होतं असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

माझा अर्धा झालेला लेख २०२५ मध्ये, अंकाच्या शेवटच्या पानांत, ‘साभार पोच’ सदराच्या आधी छापून आला. बढती पुढच्या वर्षावर गेली. मी कूच्या कोसळण्याची वाट बघू लागलो.

कू कोसळला नाही. उलट ‘दुसरा वाडगा’ देशभर पसरला. कुणी तो भाताला लावला, कुणी चहाला, एकानं तर घटस्फोटाला. आणि सगळे कंसात लिहीत: (कू, २०२४). मी केलेली चूक, दात घासताना माझ्या तोंडात फेस असताना मला सुचलेली, पूर्णपणे माझी चूक, तीसुद्धा कूच्या नावावर जमा झाली! माणसाचं यश दुसऱ्यानं नेलं तर लोक हळहळतात. पण माणसाचा गाढवपणा नेला तर त्यानं दाद कुठे मागायची?

शरदात कूचं सोलला भाषण होतं. मिरान म्हणाली, "जाऊ या. सोलला माझंही काम आहे." सभागृह भरलेलं. कू पडद्यावर एकेक चित्र दाखवत, केस सावरत, माझा सिद्धांत माझ्यापेक्षा चांगला सांगत होता. शेवटी एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, पण ते दोन वाडगे म्हणजे दोन वेगळी माणसं असतील तर?"

मी खुर्चीत ताठ झालो. मिरानचा हात माझ्या बाहीवर आला.

"फार चांगला प्रश्न," कू हसून म्हणाला. "तसा एक किरकोळ आक्षेप घेतला गेलेला आहे." त्यानं बटण दाबलं. भिंतीएवढ्या पडद्यावर अक्षरं आली: ‘किरकोळ आक्षेप (प्यो, २०२४)’.

"अहो," मिरान पुटपुटली, "नको."

पण माझा हात वर गेलेला होता. सगळं सभागृह वळलं. कूनं मला ओळखलं आणि तो व्यासपीठावरून वाकला. "प्यो सर! आपण इथे! काही बोलायचंय आपल्याला?"

सगळं बोलता आलं असतं. युक बाई, छन, त्यांच्या वाडग्यातल्या तिसऱ्या, दात घासणं, सगळं. पण मी म्हणालो, "साल चुकलंय. पंचवीस पाहिजे."

कूनं मनापासून माफी मागितली. तिथेच सगळ्यांसमोर त्यानं तो कंस उघडला, चार खोडला आणि पाच घातला. त्याला टायपिंग हळू येतं. तेवढा वेळ सबंध सभागृह गप्प राहून माझं नाव बघत होतं.

"बसा आता," मिराननं कोट ओढला.

मी बसलो. पण जरा सावकाश.